सुटून आल्यावर नाव कुठंकुठं लावावं लागतं

गावात कोणी जेलातून सुटून आलं की पहिले काही दिवस ते माणूस घराबाहेर पडत नाही. मग एखाद्या दुपारी, रस्त्यावर कोणी नाही असं पाहून, घरचं कोणीतरी त्याला माझ्या केंद्रावर घेऊन येतं. मी मोर्शी तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, फार्मर आयडी, रेशनची ई-केवायसी, निराधारचे फॉर्म हे माझं रोजचं काम. सुटून आलेल्यांसाठी काही करायचं असं ठरवून मी बसले नव्हते. आजकाल कोणत्याही कामाला अंगठा लागतो आणि अंगठ्याचं मशीन माझ्याकडे आहे, म्हणून ते येत गेले.

पुनर्वसनाचा विषय निघाला की लोक शिलाई मशीन वाटप, समुपदेशन, सत्कार असलं काही डोळ्यांपुढे आणतात. त्याचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. पण मला विचाराल तर निम्मं पुनर्वसन म्हणजे त्या माणसाचं नाव जिथून जिथून गळालं तिथं ते पुन्हा लावणं. रेशन कार्डावर, बँकेत, सातबाऱ्यावर, मतदार यादीत, मजुरीच्या हजेरीवर. आणि हे काम माणूस आत असतानाच सुरू व्हायला पाहिजे, सुटून आल्यावर त्याचा फार जीव जातो.

एका माणसाचं उदाहरण सांगते. त्यांना विचारून लिहिते आहे. नाव आणि गाव लिहीत नाही, मी त्यांना काका म्हणते, इथंही तेच म्हणते.

काका आत गेले तेव्हा मी शाळेत होते. धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं भांडण. आमच्याकडे धुऱ्यावरून किती घरं उठली याचा हिशेब कोणी मांडत नाही. नांगराची दोन तासं पुढंमागं झाली, एक माणूस मेला आणि काकांना जन्मठेप झाली. अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात बरीच वर्षं काढली, मग वागणूक पाहून मोर्शीच्या खुल्या कारागृहात पाठवलं. तिथं उंच भिंतीआड कोंडून ठेवत नाहीत, बंदी शेतात काम करतात, शिक्षेतून माफीचे दिवसही जास्त मिळतात. बऱ्याच लोकांना वाटतं जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं. तसं नाही. जन्मठेप म्हणजे जन्मभर. खुनासारख्या गुन्ह्यात प्रत्यक्ष 14 वर्षं भोगल्याशिवाय सोडायचा विचारच करता येत नाही, आणि त्यानंतरही सोडायचं की नाही ते सरकार ठरवतं. काकांना सोडलं.

काका गेले त्याच सुमारास आधार सुरू झालं होतं. देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, 2010 च्या सप्टेंबरात दिलं गेलं. म्हणजे काका बाहेर होते तेव्हा आधारवाचून सगळं चालत होतं आणि परत आले तेव्हा आधारवाचून काहीच चालेना. त्यांचं आधार आतच काढलं होतं. त्या दुपारी त्यांनी कार्ड फोटोची बाजू वर करून टेबलावर ठेवलं आणि त्यावर हात ठेवून बसले.

"काका, मागची बाजू पाहू द्या."

"तिकडचा पत्ता हाय पोरी." हात तसाच. थोड्या वेळानं म्हणाले, "हे बदलून जाईन काय? ब्यांकेत गेलो, सोसायटीत गेलो, पयले हेच वाचतीन."

आधारचा पत्ता मागच्या बाजूला असतो. त्यांच्या पत्त्यात कारागृहाचं नाव होतं. शिक्षा भोगून संपली होती, पण जिथं झेरॉक्स द्यायची तिथं ती जोडून द्यावी लागत होती. म्हणून मी इतर सगळं बाजूला ठेवलं आणि आधी पत्ता घेतला.

ऑनलाइन पत्ता बदलायला ओटीपी लागतो, ओटीपीला आधारशी जोडलेला मोबाईल लागतो, आणि काकांकडे मोबाईलच नव्हता. पोरानं सिम आणून दिलं. मोबाईल नंबर जोडायला एकही कागद लागत नाही, फक्त बोटं लागतात. ते काम आधार केंद्रावर होतं, माझ्याकडे होत नाही, म्हणून मी त्यांच्यासोबत तहसीलच्या ठिकाणी गेले. काकांनी आत सुतारकाम केलेलं, नंतर शेती. बोटाच्या रेषा झिजून गेलेल्या. उजवा अंगठा लागेना, तर्जनी लागेना. आम्ही केंद्रवाले असं झालं की माणसाला ते बोट केसांवरून फिरवायला सांगतो, तेलाचा थोडा ओलावा लागला की रेष उमटते. काका टोपी काढून डोक्यावरून बोट फिरवत होते, पुन्हा काचेवर ठेवत होते. मागं रांग लागलेली. कोणीतरी ओरडलं, "बुढा कोठून आला रे?" काका एकदम ताठ झाले, मान खाली. हाकेला ताठ व्हायची ती सवय आतली होती. शेवटी डोळ्यांच्या स्कॅनवर काम झालं.

पुढं पत्ता. जानेवारी 2023 पासून घरच्या कुटुंबप्रमुखाच्या संमतीनं दुसऱ्या माणसाचा पत्ता बदलता येतो. विनंती टाकली की कुटुंबप्रमुखाच्या मोबाईलवर जाते, त्यानं 30 दिवसांच्या आत हो म्हणायचं. अन्न सुरक्षा कायद्यानं रेशन कार्डावर घरातली मोठी बाई कुटुंबप्रमुख असते, तेव्हा काकांच्या घरी आता प्रमुख काकू होत्या. या बाईनं एवढी वर्षं निंदण-वेचणीची मजुरी करून दोन लेकरं मोठी केली. पोरीचं लग्न केलं, त्यात नवऱ्याकडची म्हणून जी माणसं उभी राहायला हवी होती त्यातली बरीचशी आलीच नाहीत. मी त्यांना मोबाईलवर दाखवलं, इथं दाबायचं.

"म्या हो म्हनलं तरच हे घरचे होते काय वं?"

"हो काकू."

त्यांनी काकांकडे पाहिलं. काका भिंतीवरचं दरपत्रक वाचत बसले होते. "मंग कर हो," म्हणाल्या, आणि बोट माझं नाही, स्वतःचंच लावलं.

रेशनचं काम त्या मानानं सोपं. घरातल्या सगळ्यांनी ई-केवायसी करायची होती, आत असलेला माणूस अंगठा कुठून लावणार, नाव गळालं होतं. पुन्हा चढवलं. माणशी महिन्याला 5 किलो धान्य. ज्याला घरात बसून खायची लाज वाटते त्याच्यासाठी हे पाच किलो फार मोठे असतात. आपल्या वाट्याचं आलं, आपण आणलं, एवढं तरी म्हणता येतं.

बँकेचं सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. खात्यावर दोन वर्षं काहीच व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की त्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातात. बुडत नाहीत, मागता येतात, कोणत्या बँकेत काय पडून आहे ते रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर शोधता येतं. काकांचे थोडेसे पैसे असे सापडले. पण सोसायटीचं पीककर्ज मात्र थकलेलंच निघालं. 2017 ची कर्जमाफी आठवत असेल, नवरा-बायकोनं मिळून ऑनलाइन फॉर्म भरायचे होते, केंद्रावर रात्री बारा-बारा वाजेपर्यंत रांगा होत्या. काकांचं कर्ज त्या मुदतीत बसत होतं. फॉर्म भरायला ते नव्हते. काकूला कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी नवऱ्याचा अंगठा त्या कुठून आणणार होत्या?

सातबाऱ्याची गोष्ट अजून संपलेली नाही. काका आत असताना त्यांचे वडील वारले. तेरवी झाली, महिन्याभरात वारसाची नोंद झाली, त्यात धाकट्या भावाचं आणि आईचं नाव लागलं. काकांचं नाही. गावात असा पक्का समज आहे की खुनाची शिक्षा झाली म्हणजे जमिनीतला हक्क गेला. हे साफ खोटं आहे. हिंदू वारसा कायदा 1956 चा आहे, त्याचं 25 वं कलम एवढंच म्हणतं की ज्याचा खून केला त्याची, किंवा जी वारसानं मिळावी म्हणून खून केला ती मालमत्ता खुन्याला मिळणार नाही. बापाच्या वावरातला हिस्सा कुठं जात नाही. पण नोटीस निघते, हरकतीचे 15 दिवस असतात, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो, आणि आत बसलेल्या माणसाला यातलं काही कळतच नाही.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे फार्मर आयडी नाही, पीककर्ज नाही, पीकविमा नाही. कास्तकाराच्या घरात जन्मलेला माणूस दुसऱ्याच्या धुऱ्यावर उभा.

धाकट्या भावावर मी राग धरत नाही. त्यानंच ते वावर सांभाळलं. कोर्टाच्या खर्चापायी विकायची वेळ आली होती, तेव्हा बायकोचे दागिने मोडून त्यानं ते वाचवलं. नाव लावायचं म्हटल्यावर तो आधी बोललाच नाही. मग म्हणाला, "मी एकट्यानं वाहिलं, त्याचं काय?" हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर कोणत्याच फॉर्मवर नाही. प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपील टाकलं आहे. अपिलाची मुदत 60 दिवसांची असते, ती केव्हाच उलटली होती, म्हणून उशीर माफ करण्याचा अर्ज आणि सोबत कारागृहाचं सुटका प्रमाणपत्र जोडलं. तारखेला दोघं भाऊ एकाच मोटरसायकलवर जातात. धाकटा चालवतो. तिथं समोरासमोरच्या बाजूनं उभे राहतात आणि येताना मोर्शीला आलूबोंडा खाऊन परततात. मला यातून काहीतरी चांगलं निघेल असं वाटतं, पण निघेपर्यंत बोलणार नाही.

आता जे लिहिताना मला जड जातं ते. जो माणूस मेला त्याची बायको याच गावात राहते. मी तिला मावशी म्हणते. तिचं निराधार योजनेचं मानधन आहे, त्यामुळे तीही माझ्याच केंद्रावर येते. एकदा काका बाकावर बसलेले असताना ती आली. काका उठले, पायात चप्पल न घालता बाहेर गेले आणि समोरच्या कडूनिंबाखाली उभे राहिले. मावशीचं काम होईपर्यंत तिथंच. मावशीनं काही म्हटलं नाही. जाताना दारात पडलेल्या चपला पाहिल्या आणि वळसा घालून गेली. तेव्हापासून मावशीचं काम मी सकाळी ठेवते आणि काकांचं दुपारनंतर. दोघांनाही हे माहीत आहे.

सुटून आलेल्याला मदत करतेस, मग मेलेल्याच्या लेकरांचं काय, असं मला तोंडावर विचारणारे लोक आहेत. त्यांनी विचारायलाच पाहिजे. माझं उत्तर असं की मावशीचं काम मी आधी करते आणि काकांचंही करते. पीडितांच्या घरच्यांसाठी राज्याची 2014 ची भरपाई योजना आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो, हे मावशीसारख्या कित्येक बायांना वेळेत कोणीच सांगत नाही. आणि कैद्यांच्या मजुरीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं 1998 मध्येच म्हटलं होतं की सक्तमजुरीचा योग्य मोबदला द्या आणि त्यातला काही भाग पीडितांसाठी काढा. आपल्या राज्यात 2023 ची वाढ धरून कुशल बंद्याला दिवसाचे 74 रुपये मिळत होते. त्यातून स्वतःचं काय, घरच्यांचं काय आणि मावशीचं काय? काकांना जमिनीचा हिस्सा मिळाला, हातात दोन पैसे आले, तर तेच कधीतरी काहीतरी करतील असं मला मनापासून वाटतं. त्यांनी तसं मला म्हटलंय. मावशीला ते नको असेल, तर तो तिचा अधिकार आहे.

कामाचं. आमच्याकडे सालगडी पाडव्याला ठरतात. काका सुटले ऐन पावसाळ्यात, तेव्हा साल धरणारं कोणी नव्हतं, आणि रोजानं बोलवायलाही लोक कचरत होते. पहिलं काम मिळालं ते संत्र्याच्या मळ्यात जागलीचं. रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं हाकलायला रात्री मचाणावर बसायचं. रात्रीचं काम म्हणून दिलं, दिवसा कोणाला दिसत नाही म्हणून. काकांनाही तेच बरं वाटलं. पण मला ते बरं वाटलं नाही, कारण माणूस रात्री मळ्यात आणि दिवसा झोपेत असला की गावाला त्याची सवय होणार कधी?

सवय लागली ती संत्र्याच्या कलमांमुळे. शेंदूरजना घाट, वरूडकडे संत्र्याच्या रोपवाटिका आहेत, जंभेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बांधतात. काकांचा हात यात तरुणपणापासून बसलेला. मळेवाल्याच्या ओळखीनं त्यांना एका रोपवाटिकेत नेलं. मालकानं दोन ओळी बांधून दाखवायला सांगितल्या. काका उकिडवे बसले. खुंटाच्या सालीला उलट्या टी सारखी चीर दिली, साल बोटानं उचलली, डोळा आत सरकवला, पट्टी गुंडाळली, पुढच्या रोपावर गेले. मशीनच्या काचेवर जी बोटं लागत नव्हती ती बोटं. मालक मागं मागं चालत होता आणि पट्टी दाबून पाहत होता. तिसऱ्या-चौथ्या रोपानंतर त्यानं पाहणं सोडलं. आता हंगामात काका तिथं जातात, सोबत गावातली चार पोट्टीही शिकायला जातात. त्या पोट्ट्यांच्या आयांनी आधी हरकत घेतली होती, नंतर त्यांच्या हातात पैसे आले.

काकांची गोष्ट लांबली, पण सगळे काही काकांसारखे नसतात. माझ्याकडे येणाऱ्यांत बरेचसे असे असतात ज्यांना शिक्षाच झालेली नाही. 2022 च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांमधले 75.8 टक्के बंदी कच्चे कैदी होते, म्हणजे खटला चालू, निकाल नाही. आमच्या शेजारच्या गावचा एक पोरगा मारामारीच्या केसमध्ये आत राहिला आणि निर्दोष सुटला. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कामाला लागायचं होतं, चारित्र्य पडताळणी करायला माझ्याकडे आला. गावासाठी मात्र तो 'जेलात जाऊन आलेला'च. त्याला मी निकालाची साक्षांकित प्रत काढून आणायला लावली आणि म्हटलं, ही कायम जवळ ठेव. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा नवा कायदा लागू आहे, त्याच्या कलम 479 प्रमाणे आधी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्यानं त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला असेल तर कोर्टानं त्याला बंधपत्रावर सोडायला पाहिजे. जन्मठेपेच्या आणि फाशीच्या गुन्ह्यांना, आणि एकाहून जास्त केसेस चालू असतील तर, हे लागू नाही. घरच्यांनी हे तोंडपाठ करून वकिलाला विचारावं.

पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, तर निर्दोष सुटल्याचाही उपयोग होत नाही. 1871 पासूनच्या इंग्रजांच्या कायद्यांनी अख्ख्या जमातीला गुन्हेगार ठरवलं, 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का पुसला, पण कुठं चोरी झाली की आजही पहिली नजर बेड्याकडे जाते. तिथल्या माणसाचं नाव कुठंच नसतं. जातीचा दाखला नाही, घराचा उतारा नाही, तेव्हा पुन्हा लावायचं तरी काय, पहिल्यांदाच लावावं लागतं.

आणि बाया. सुटून आलेली बाई पत्ता कोणाचा लावेल? सासरचे उंबऱ्यात घेत नाहीत, माहेरी भावजय म्हणते चार दिवस राहा. काकांना हो म्हणायला काकू होत्या. एका बाईच्या बाबतीत ते हो म्हणायला कोणीच पुढं आलं नाही, शेवटी तिच्या मामेबहिणीनं भाड्याची खोली पाहून दिली आणि त्या भाडेकरारावर आम्ही पत्ता चढवला. तिला मी कोणतं काम सुचवण्याआधी तिनंच विचारलं, लेकरू पाहायला मिळन काय? त्याचं उत्तर माझ्या केंद्रावर नव्हतं, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील तिला मिळवून दिला. फुकट मिळतो. पैसे मागितले तर देऊ नका.

ज्यांच्या घरचं माणूस आज आत आहे त्यांनी हे वाचलं तर काही गोष्टी आत्ताच करा. संचित रजेवर, म्हणजे फरलोवर, किंवा पॅरोलवर माणूस घरी आलं की पाहुण्यांकडे फिरण्याआधी त्याला आधार केंद्रावर न्या, मोबाईल जोडा, डोळ्यांचा स्कॅन नव्यानं करून घ्या, आणि बँकेत जाऊन केवायसी करा, खात्यात थोडेसे पैसे भरा. घरात कोणी वारलं तर वारसाच्या अर्जात आत असलेल्याचंही नाव लिहा, कोणी काहीही म्हणो. लेकरं लहान असतील तर बालसंगोपन योजनेचा अर्ज करा, आईबाप तुरुंगात असलेल्या लेकरांनाही ती आहे. शिक्षा लागलेल्या बंद्यांसाठी राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' नावाची कर्ज योजना 1 मे 2022 ला सुरू झाली, 50 हजारांपर्यंत, 7 टक्के व्याजानं, घरची अडचण भागवायला. कारागृहात विचारा, ती कोणाला लागू होते आणि चालू आहे का. सुटल्यावर जिल्हा परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याला भेटा, महिला व बाल विकासच्या कार्यालयात बसतात. आणि मतदार यादीत नाव पाहा. कैदेत असताना मत देता येत नाही, पण बाहेर आल्यावर तो हक्क तसाच असतो. नाव उडालं असेल तर नमुना 6 भरायचा.

माझ्या केंद्रावर दुपारी तीननंतर गर्दी नसते. मंगळवार सोडून, त्या दिवशी बाजार असतो. सुटका प्रमाणपत्र मूळचं आणा, मी झेरॉक्स काढून मूळ तिथल्या तिथं परत देते. ते कोणत्याच कार्यालयात जमा करून टाकू नका, पाहिजे तर स्वसाक्षांकित प्रत द्या. सोबत घरातलं एक माणूस असू द्या, शक्यतो बाईमाणूस, रेशन कार्ड तिच्याच नावानं असतं.